हेल्काची तिसरी परीक्षा

योएन्सू, ११ फेब्रुवारी

इल्पो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

हेल्का बरी आहे, हे सर्वांत आधी. तुझी मुलगी माझ्या मागच्या खोलीत राहते. विद्यापीठात जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आठवड्यातले चार दिवस दुसऱ्यांच्या गोठ्यांत बदलीवर जाते आणि उरलेल्या वेळात मे महिन्यातल्या पशुवैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते. तिसऱ्यांदा. यातलं किती तुझ्या कानावर आहे ते मला माहीत नाही. रविवारी तुमचा दोघांचा फोन चालू असतो तेव्हा मी मुद्दाम बाहेर फिरायला जाते. परत आल्यावर विचारलं तर ती म्हणते, "बाबा ट्रॅक्टरबद्दल बोलले." गेल्या रविवारीही ट्रॅक्टरच होता.

बदलीचं काम म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. मालक हक्काच्या रजेवर गेला की त्याच्या गाई बदलीच्या माणसाने सांभाळायच्या. तू ती रजा गेल्या नऊ वर्षांत एकदाही घेतलेली नाहीस. तुझी मुलगी मात्र पहाटे पाचला उठून अनोळखी गोठ्यांत जाते, अनोळखी गाईंच्या लाथा चुकवते आणि सकाळी दहाला तासाला हजर असते. तौनो नावाच्या एका म्हाताऱ्याकडे ती हिवाळाभर जाते आहे, कारण बर्फावरून घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. रसायनशास्त्राची सूत्रं पुठ्ठ्यांवर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती धारा काढायच्या जागी दांडीला अडकवते. म्हातारा काठी टेकत येतो आणि बघत राहतो.

"डॉक्टरीणबाई, परीक्षेत शेण काढायला लावतात का?"

"नाही."

"मग ती कसली परीक्षा! कुणीही पास होईल."

"तौनो, बाराशे लोक बसतात, सत्तरएक घेतात."

"म्हणजे अकराशे लोकांना शेणही काढता येत नाही आणि परीक्षाही देता येत नाही. देशाचं कठीण आहे."

हे ती मला जेवताना सांगते आणि इतकी हसते की सूप सांडतं.

एक गोष्ट तुला कळायला हवी. या वेळची परीक्षा आधीच्या दोन्हींपेक्षा अवघड आहे. पेपर तेवढाच आहे, जागा कमी आहेत. ज्याने आजवर उच्चशिक्षणातली कुठलीच जागा स्वीकारलेली नाही, त्याला पहिल्यांदा येणारा म्हणतात आणि बहुतेक जागा अशांसाठी राखून ठेवलेल्या असतात. एकदा कुठेही, कशालाही 'स्वीकारते' म्हटलं की तो हक्क गेला, मग तिथे पाऊल टाकलं नाही तरीही. गेल्या जुलैत पशुवैद्यकी थोडक्यात हुकली, जीवशास्त्र मिळालं, आणि हेल्काने घाईत ते स्वीकारलं. आता तिच्यासाठी उरल्या आहेत सर्वांना खुल्या असलेल्या मूठभर जागा.

चौथ्यांदा बसणार नाही, असं तिने स्वतःच ठरवलं आहे. या वेळी नाही झालं तर जीवशास्त्र पुरं करून शिक्षिका होणार.

आईच्या अंत्यविधीनंतर कॉफीच्या टेबलावर मी म्हणाले होते, "या पोरीला गाईंच्या शेपट्या धरून म्हातारी करू नकोस." सगळं गाव ऐकत होतं. तू म्हणालास, "तुला स्वतःची पोरं नाहीत म्हणून माझी मोजू नकोस." दोघांचंही बोलणं धड खरं नव्हतं, पण बरोबर जागी लागलं. चार वर्षं झाली. माझ्या वाक्याबद्दल मी माफी मागते. तुझ्या वाक्याचं तू बघ.

मेर्वी

योएन्सू, ३ एप्रिल

इल्पो,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. गाई विताहेत. इल्पो." पाच शब्द, त्यातलं एक तुझं नाव. मी ते फ्रीजच्या दारावर लावलं आहे. हेल्का म्हणाली, "आत्या, बाबांच्या मानाने हे तर लांबलचक आहे."

हे पत्र मी एका शब्दासाठी लिहिते आहे. फेब्रुवारीत मी लिहिलं, हेल्काने "घाईत" जागा स्वीकारली. पत्र पेटीत टाकून घरी आले आणि तो शब्द टोचायला लागला. शेवटी गेल्या वर्षीची डायरी काढली. १३ जुलैच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "हे.ला जीवशास्त्र मिळालं. पहिल्यांदाचा हक्क जाईल. स्वीकार म्हटलं."

घाई नव्हती. उत्तर द्यायला सात दिवसांहून जास्त मुदत होती. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली, टेबलाशी बसली आणि म्हणाली, "काय करू?" मी बटाटे सोलत होते. मी म्हणाले, "हातात आलेलं सोडू नकोस." तिने बोट टेकवलं. एवढंच झालं.

आणि मी कोण? गेली एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारी. दर वसंतात शेवटच्या वर्गाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते: खरं हवं ते मिळेपर्यंत काहीही स्वीकारू नका. परक्यांच्या मुलांना मी हे सांगते. मुलं चेष्टा करतात, "बाई, लग्नालाही हेच लागू आहे का?"

मुलीची सोय बघितली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दोनदा पडलेल्या माणसाला आधी कुठेतरी टेकू द्यावं. तुलाही आज हेच लिहिणार होते. लिहून झालं आहे, पण वाचताना ते मला पुरतं पटत नाही. तेव्हा सध्या एवढंच नोंदव की दोष तिच्या घाईचा नाही.

ती बरी चालली आहे. परवा जुना पेपर घड्याळ लावून सोडवला आणि मी तपासला. मी कडक तपासते, तुला माहीत आहे, धाकटी असूनही शाळेत तुझ्या वह्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. चार गुण कापायला जागा शोधत होते, दोनच सापडले. पेपर बंद केला आणि भांडी घासायला गेले, कारण तोंडावरचा आनंद तिला इतक्यात दाखवायचा नव्हता.

मेर्वी

योएन्सू, १७ मे

इल्पो,

तू मला पाहिलंस. मीही तुला पाहिलं. निदान कागदावर तरी हे मान्य करू.

परवा परीक्षेला कुओपिओच्या त्या क्रीडागृहासमोर हेल्काला साडेसातला सोडलं. ती पाण्याची बाटली आणि ओळखपत्र घेऊन आत गेली. मी गाडी बर्चच्या झाडांखाली लावली, कॉफी ओतली, वर पाहिलं तर पाच गाड्या पलीकडे तुझी निळी व्हॅन. काचेआड गवताच्या काड्या, मागे ट्रेलरचा आकडा. तुझ्या गोठ्यात त्या दिवशी धारा कोण काढत होतं, हा प्रश्न मला आधी पडला. उत्तर सुचलं तेव्हा कप खाली ठेवावा लागला. नऊ वर्षांनी तू रजा घेतली होतीस.

पाच तास आपण तिथे बसलो. तू दोनदा खाली उतरलास. दोन्ही वेळा वाटलं, आता येतो. पहिल्यांदा तू टायर बघितलेस. दुसऱ्यांदाही टायरच बघितलेस. मी एकदा दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि थंडी आहे असं स्वतःला सांगून आत घेतला. तेरा अंश होते. का उतरले नाही, याची मी दोन दिवस चौकशी करते आहे. तू आधी यावंस असं वाटत होतं. माफी मी मागितली होती, आता पाळी तुझी, असा हिशोब. पेपर आत एक मुलगी देत होती आणि बाहेर तिची आत्या गुण मोजत होती.

ती बाहेर आली. आधी तुझी गाडी दिसली तिला, मग माझी. मध्येच उभी राहिली. तुझ्याकडे गेली, पंधरा मिनिटं बसली. मग माझ्याकडे येऊन पट्टा लावत म्हणाली, "तुम्ही दोघं इतका वेळ एका ठिकाणी होतात आणि भांडला नाहीत?"

"आम्ही भेटलोच नाही."

"हं. म्हणूनच."

वाटेत मी पेपरबद्दल विचारलं नाही, मोठ्या कष्टाने. तिनेच सांगितलं. एक प्रश्न पेशीतल्या कॅल्शियमचा होता आणि वाचल्याबरोबर तिला ओमेना आठवली. तुलाही ती आठवली असेल. ओमेना व्याली आणि आडवी झाली, उठेचना, मान पोटाशी वळवून पडलेली. हेल्काची आई घर सोडून गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, पोर नऊची. पशुवैद्य बाई शिरेत सुई घालत होत्या आणि तू कॅल्शियमच्या सलाईनची बाटली हेल्काच्या हातात देऊन म्हणालास, "उंच धर. हात दुखला तरी खाली आणायचा नाही." अर्ध्या तासाने गाय ढेकर देऊन उभी राहिली आणि बाईंच्या बुटावर शेणली. हेल्का म्हणते, तिचं ठरलं ते त्या दिवशी.

मग तुमचं व्हॅनमधलं बोलणं तिने मला जसंच्या तसं ऐकवलं, तुझा आवाज काढून.

"काय लिहिलंस मग?"

"स्नायू आकसायला कॅल्शियम कसं लागतं ते."

"आणि कॅल्शियम उतरलं की गाईचे कान गार पडतात ते?"

"ते विचारलं नव्हतं, बाबा."

"मग अर्धवटच विचारलं."

इल्पो, इतकी वर्षं मी समजत होते की ही मुलगी तुझ्या गोठ्यातून सुटावी म्हणून शिकते आहे. सगळ्या गावासमोर तसं बोललेही. ती तर त्या बाटलीपाशीच उभी आहे अजून, हात खाली न आणता. मला तिचा अभिमान वाटतो हे मी कधी लपवलं नाही. त्यातला मोठा वाटा तुझा आहे, हे लपवलं होतं. तुझ्यापासून आणि माझ्यापासूनही.

आता एप्रिलमधलं अपुरं वाक्य पुरं करते. तिची सोय म्हणून मी "स्वीकार" म्हटलं, हे खोटं आहे. जीवशास्त्र इथे आहे आणि पशुवैद्यकी साऱ्या देशात एकट्या हेलसिंकीत. ती दोन वर्षं माझ्याकडे होती. दारात बुटांच्या दोन जोड्या असत, सकाळी कुणीतरी माझ्यावर ओरडत असे की कॉफी संपवलीस. मला ती राहायला हवी होती. बटाटे सोलता सोलता मी तिचा हक्क काढून घेतला, आणि काढून घेते आहे हे मला ठाऊक होतं. तुला मी म्हटलं होतं, पोरीला बांधून ठेवू नकोस.

हे मी तिला सांगणार आहे, निकालाआधीच. निकाल चांगला लागला तर सांगायला फार सोपं जाईल आणि वाईट लागला तर ते तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं होईल. म्हणून आत्ताच.

मेर्वी

योएन्सू, २५ जून

इल्पो,

सांगितलं. "आत्ताच" म्हणता म्हणता पाच आठवडे गेले, तेही नोंदवते.

मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या संध्याकाळी, तळ्याकाठच्या सौनात, वाफेच्या कोठीत. तिथे माणसाला कागद, चष्मा, टेबल कशाच्याही आड लपता येत नाही. सगळं सांगितलं, डायरीतलं वाक्यसुद्धा. तिने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, इतकं की मला डोकं खाली घालावं लागलं. वाफ बसल्यावर म्हणाली, "नियम मलाही वाचता येतो, आत्या."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अर्ज भरतानाच लिहिलेलं असतं. तेव्हा दोनदा भरून झाला होता माझा."

"मग स्वीकारलीस का?"

"कारण वाटलं की मला कधीच मिळणार नाही. घाबरले होते. तू हो म्हणशील हे माहीत होतं, म्हणून तर तुला विचारायला आले. तू नको म्हणाली असतीस तर बाबांना विचारलं असतं, ते नको म्हणाले असते तर तौनोला. कुणीतरी हो म्हणेपर्यंत विचारत हिंडले असते."

"तरीपण मी मोठी होते. मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. सोडलं नाही मला. "तू मला ठेवून घेतलंस, ते तुझं. पण बोट माझं होतं. तू जगातल्या सगळ्याच चुका तपासायला घेतेस. एक तरी माझी मला राहू दे."

आणि उठून पळत जाऊन तळ्यात उडी मारली. मी वाफेत बसून राहिले. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला बावीस वर्षांच्या मुलीने इतक्या कमी शब्दांत जागेवर बसवलं, आणि मला मात्र राग येण्याऐवजी वाटत होतं, हिचा हात कुठल्याही जनावराच्या पोटात जायला हरकत नाही. ही घाबरली तर घाबरले म्हणेल.

निकाल पुढच्या आठवड्यात. तिला काळजी आहे हे मला कळतं, कारण एरवी घरभर गाणारी ती सध्या गात नाही.

मेर्वी

योएन्सू, ५ जुलै

इल्पो,

बातमी तुला माझ्याआधी कळली आहे. तरी लिहिते, कारण मला ती लिहून बघायची आहे: हेल्काला पशुवैद्यकीला प्रवेश मिळाला. राखीव जागांतून नाही, खुल्या जागांतून, जिथे डॉक्टरकी सोडून आलेले, दुसऱ्या पदव्या घेतलेले, माझ्याहून थोडेच लहान असलेले लोक बसले होते. जे दार मी अर्धं बंद केलं होतं, त्यातून ती सरळ चालत आत गेली. रसायनशास्त्रात तिला किती गुण पडले ते मी शिक्षकखोलीत तीन जणांना सांगितलं, सुट्टी असताना मुद्दाम तिथे जाऊन. त्यातला एक शाळेचा रखवालदार होता.

काल मला फोन आला संध्याकाळी सव्वासहाला. मी टेबलाशी बसूनच होते, चारपासून.

"आत्या, मिळाली."

मी काहीतरी ओरडले. शेजारची बाई गॅलरीत आली.

"बाबांना सांगितलं आधी," ती म्हणाली. "आता तुला."

आधीची दोन वर्षं वाईट बातमीचा पहिला फोन मला यायचा. चांगल्या बातमीचा दुसरा आला. हे मला लागलं का, ते मी रात्रभर नाही, पण बराच वेळ तपासलं. थोडं लागलं. मग थांबलं. योग्य क्रम होता.

"संदेश कधी आला?" मी विचारलं.

"साडेचारला. तौनोकडे होते."

"साडेचार? पावणेदोन तास काय करत होतीस?"

"अकरा गाई राहिल्या होत्या ना. कासा तटतटलेल्या. त्यांना काय सांगू, थांबा, मला प्रवेश मिळालाय?"

"आणि तौनो?"

"त्याला सांगितलं. तो म्हणाला, अजून बारावी आहे कोपऱ्यात, तिला विसरू नका, डॉक्टरीणबाई."

मग मी विचारलं, बाबा काय म्हणाले.

"आधी विचारलं, धारा काढून झाल्या का. झाल्या म्हटलं. मग नुसतं नाक ओढत होते. म्हणाले, या दिवसांत गवताचा त्रास होतो."

इल्पो, बावन्न वर्षं तू गवतात काढलीस. तुला गवताचा त्रास कधीच नव्हता.

मेर्वी